परत आलेला आणि चालू राहिलेला



या व्याख्यानमालेचे निमंत्रण आले तेव्हा चालकांनी विषयाची निवड माझ्यावर सोडली होती. मी कामगार संघटनेचा माणूस, तेव्हा हा गृहस्थ संप, बोनस किंवा महागाई भत्ता यांवर बोलेल अशी त्यांची अपेक्षा असणार. मी विषय कळवला आणि दुसऱ्याच दिवशी चालकांपैकी एकांचा फोन आला. "भाऊ, पत्रक छापायला जायचे आहे. तुमच्या चिठ्ठीत 'पत्त्यांच्या खेळातील स्मशान' असे काहीतरी वाचतो आहे. अक्षर लागत नाही, की आमच्या वाचण्यात चूक होते आहे?" मी म्हटले, "अक्षर वाईट आहे हे खरे, पण वाचलेत ते बरोबर आहे."

आज मी खरोखरच पत्त्यांच्या एका खेळाविषयी बोलणार आहे. त्या खेळात मेलेला जीव स्मशानातून परत कसा येतो, कोणत्या अटींवर येतो आणि येताना बरोबर काय आणतो, एवढाच माझा विषय आहे. मी विद्वान नव्हे. आठवीनंतर शाळा सुटली. पुढचे शिक्षण झाले ते संघटनेच्या कचेरीतल्या बाकावर, नोटिसा, पगारपत्रके आणि करारनामे वाचून. कागद बारकाईने वाचणे हाच माझा धंदा झाला. या खेळाकडे माझे लक्ष गेले तेही त्यातल्या कागदामुळे.

पत्ते म्हटले की आपल्याला रमी आठवते, मेंढीकोट आठवते, लहानपणीचे पाच-तीन-दोन आठवते. तिथे पाने ठरलेली आणि सर्वांची सारखी. एक हात झाला की त्यातली पाने उपडी होतात, आणि तो डाव संपेपर्यंत मेल्यासारखीच असतात. राजा गेला तर गेला. तो पुन्हा मागायला कोणी येत नाही.

मी सांगतो तो खेळ वेगळा आहे. त्याचे नाव 'मॅजिक: द गॅदरिंग'. अमेरिकेत रिचर्ड गारफील्ड नावाच्या गणिताच्या माणसाने तो रचला, आणि 'विझर्ड्स ऑफ द कोस्ट' या कंपनीने १९९३ साली तो बाजारात आणला. यातली पाने हजारो प्रकारची आहेत. ती पाकिटांतून विकत घ्यायची, जमवायची, अदलाबदल करायची, आणि त्यांतून निवडून प्रत्येकाने आपली स्वतःची गड्डी बांधायची. ती साधारणतः साठ पानांची असते. प्रत्येक खेळाडूचे आयुष्य २० गुणांचे. समोरच्याचे २० गुण संपवले की जिंकलात. विशेष असे की प्रत्येक पानाचा कायदा त्या पानावरच छापलेला असतो.

काही पाने जमिनीची असतात. आपल्या पाळीला एक जमीन मांडता येते, आणि त्या जमिनीतून बळ मिळते. हे बळ खर्चून जीव रणभूमीवर उतरवायचे. लहान जीवाला एक-दोन बळ पुरते, मोठ्या राक्षसाला आठ लागते. म्हणजे राक्षस न्याय्य मार्गाने यायचा तर आठव्या पाळीपर्यंत वाट पाहावी लागणार. लढाईत मेलेला जीव आपल्या मालकासमोरच्या एका ढिगात जातो. हा ढीग उताणा असतो, दोघांनाही पाहता येतो. मुले त्याला 'ग्रेव्हयार्ड' म्हणतात, मी स्मशान म्हणतो. त्याच्याही पलीकडे आणखी एक जागा आहे, ती हद्दपारीची. तिथे गेलेले पान बहुधा कायमचेच गेले.

या खेळाची मौज अशी की इथे स्मशान हा शेवट नसून तो एक राखीव साठा आहे. पहिल्या वर्षीच्या पानांतच मेलेल्याला उठवणारी पाने होती. तेव्हापासून आजवर परत येण्याच्या किती वाटा निघाल्या, त्याची गणती करणे कठीण आहे.

आता मी या खेळापर्यंत कसा पोचलो ते सांगतो. आमच्या घरी रविवारी धाकट्या मुलाचे मित्र जमतात. जेवणाच्या टेबलावर पाने मांडतात. मी शेजारी वर्तमानपत्र घेऊन बसतो. एका रविवारी कडाक्याचे भांडण जुंपले. एका मुलाचा जीव रणभूमीवर बराच काळ टिकला होता, आणि त्याच्या वाढलेल्या ताकदीची खूण म्हणून पानावर काचेचे तीन मणी ठेवलेले होते. तो जीव मेला. पुढच्याच पाळीला त्या मुलाने त्याला स्मशानातून उठवले आणि तीन मणी पुन्हा पानावर ठेवायला लागला. समोरचा म्हणाला, "मणी काढ. तो आता नवा आहे." पहिला म्हणाला, "नवा कसा? पान तेच आहे, नाव तेच आहे!"

माझ्या मुलाने फोनवर नियमांचे पुस्तक उघडले. शेकडो पानांचे आहे ते, आपल्या एखाद्या कायद्याच्या पुस्तकासारखे कलम-पोटकलम पाडलेले. त्यातले ४००.७ क्रमांकाचे कलम त्याने वाचून दाखवले. त्याचा आशय असा: एका जागेतून दुसऱ्या जागेत गेलेली वस्तू ही नवी वस्तू होते. तिला आपल्या पूर्वीच्या अस्तित्वाची आठवण राहत नाही, आणि त्या अस्तित्वाशी तिचे नातेही उरत नाही.

"कळले का?" मुलगा मित्राला म्हणाला. "परत आला म्हणजे तोच आला असे नाही."

मित्रहो, मी हातातले वर्तमानपत्र खाली ठेवले. हे वाक्य वीस वर्षांपूर्वी मला कोणी सांगितले असते तर पुष्कळ माणसांचे नुकसान टळले असते. ते नुकसान कसे झाले हे आधी सांगतो, म्हणजे मी हा खेळ पुढे एवढा खोदून का वाचला ते आपल्या ध्यानात येईल.

१९९९ साली एका औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात आमचा संप झाला. कारखान्याचे नाव सांगत नाही, त्याचे आज प्रयोजनही नाही. मी तेव्हा तिशीच्या आतबाहेर होतो, आवाज मोठा होता आणि अभ्यास थोडा. संप एक्केचाळीस दिवस चालला. शेवटी तडजोड झाली, तिचे पहिले कलम असे होते: संपावरील सर्व कामगारांना कामावर परत घेण्यात येईल. सर्व! एकालाही वगळायचे नाही. आम्हाला आकाश ठेंगणे झाले. फाटकावर गुलाल उधळला, पेढे वाटले.

दुसऱ्या दिवशी प्रत्येकाला दोन कागदांवर सही करायची होती. पहिला कागद राजीनाम्याचा होता, दुसरा नेमणुकीचा. "ही केवळ कचेरीची पद्धत आहे" असे सांगण्यात आले. ज्यांची पाच वर्षांहून अधिक नोकरी होती त्यांना मागचा हिशेब चुकता करून मिळाला. हातात एकरकमी पैसा आला म्हणून माणसे उलट खूश झाली. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांच्या शेजारी मी स्वतः बसलो, अंगठे उठवून घेतले, आणि साक्षीदार म्हणून खाली माझी सही केली. पान तेच, नाव तेच, यंत्रही तेच. मला वाटले, माणूसही तोच.

चार वर्षांनी, २००३ साली कारखान्यात कपात आली. कपातीचा जुना दंडक असा की जो शेवटी आला तो आधी जातो. यादी लागली. तीत सोळा वर्षे फिटरचे काम केलेला एक माणूस, संपात न आलेल्या एका पोरसवद्याच्या खाली होता. त्या पोराची नोकरी १९९८ पासून अखंड धरलेली, आणि या फिटरची नेमणूक १९९९ ची! सोळा वर्षांतली बारा वर्षे कागदावर नव्हतीच. पॅकिंग खात्यातल्या एका मदतनिसाची गोष्ट याहून वाईट. संपाआधी चार वर्षे, संपानंतर चार वर्षे. १९७२ च्या कायद्याने ग्रॅच्युइटीला सलग पाच वर्षांची नोकरी लागे. चार आणि चार आठ होतात हे आपण शाळेत शिकतो, पण त्या कागदावर ते चार आणि चारच राहिले. त्याला एक पैसा मिळाला नाही.

तो फिटर यादी वाचून माझ्याकडे आला. आरडाओरडा केला नाही. एवढेच विचारले, "भाऊ, मी सोळा वर्षांचा की चार वर्षांचा?"

मला उत्तर देता आले नाही. ते उत्तर शोधायला मी पुढे कायद्याची पुस्तके चाळली. कायद्याचे उत्तर मिळाले, पण नेमकी गाठ कुठे बसली होती हे चार शब्दांत कोणाला समजावता येईना. ते त्या रविवारी मुलांच्या टेबलावर जमले. म्हणून मी मुलाला म्हटले, "मला हा खेळ शिकव. परत येण्याचे किती प्रकार आहेत ते सगळे दाखव." त्याला आश्चर्य वाटले, पण दाखवले. त्यातले चार-पाच प्रकार आपल्यापुढे मांडतो.

पहिला प्रकार, अंगावरच्या किमतीचा. 'रीॲनिमेट' नावाचे एक पान १९९७ साली निघाले. ते खेळायला एकच बळ लागते, आणि कोणाच्याही स्मशानातला, समोरच्याच्यासुद्धा, एक जीव उठून तुमच्या बाजूने उभा राहतो. मात्र त्या जीवाला रीतसर आणायला जेवढे बळ लागले असते, तेवढे गुण तुमच्या आयुष्यातून वजा होतात. आता २००१ सालचे 'एन्टूम' हे पान घ्या. तेही एका बळाचे. ते आपल्या गड्डीतले हवे ते पान शोधून थेट स्मशानात टाकू देते. म्हणजे जन्मायच्या आधीच मरण! या जोडीला २०१२ सालचा 'ग्रिझलब्रँड' नावाचा राक्षस द्या. आठ बळांचा, उडणारा, सातच्या ताकदीचा. पहिल्या पाळीला त्याला स्मशानात टाकला, दुसऱ्या पाळीला उठवला. आठ जमिनींचे काम दोन बळांत झाले. पण आयुष्य वीसाचे बारा झाले. या राक्षसाचा गुण असा की सात गुण आयुष्य द्या, सात पाने घ्या. ते केले की उरले पाच. हाताशी सात नवी पाने, दारात राक्षस, आणि जीव पाच गुणांवर टांगलेला. जिंकलात तर झटक्यात जिंकाल. समोरच्याकडे उत्तर असेल तर तेवढ्याच झटक्यात संपाल.

मला यातली सचोटी आवडली. जमिनीचे बळ चुकवता येते, किंमत चुकवता येत नाही. ती दुसऱ्या खात्यातून वसूल होते, आणि कोणत्या खात्यातून ते पानावर लिहिलेले असते.

दुसरा प्रकार, दोरीला बांधून आणण्याचा. 'ॲनिमेट डेड' हे पान अगदी १९९३ च्या पहिल्या संचातले. हा एक मंत्र आहे, तो मेलेल्या जीवाला चिकटतो आणि त्याला रणभूमीवर आणतो. जीवाची मारण्याची ताकद एकाने कमी होते. जोवर मंत्र आहे तोवर जीव आहे, कोणी मंत्र मोडला की जीवही गेला. मुलाने मला या पानाचा आजचा अधिकृत मजकूर दाखवला, तेव्हा मला हसू आले. कोणत्याही वकिलाला लाजवील इतका तो गुंतागुंतीचा आहे! कारण काय? मंत्र चिकटतो स्मशानातल्या पानाला, पण ते पान रणभूमीवर येताच नवी वस्तू होते. मग मंत्र कोणाला चिकटलेला म्हणायचा? ज्याला चिकटला होता ती वस्तू तर उरलीच नाही. म्हणून त्या मजकुरात लिहावे लागले की मंत्र आपली जुनी अट सोडतो आणि नवी अट धरतो. त्या एका कलमाची आठवण ठेवण्यासाठी एवढी शब्दांची कसरत. ज्यांना करारनामे विनाकारण लांबलचक वाटतात त्यांनी हे पान अवश्य वाचावे. प्रत्येक जास्तीचा शब्द कोणत्यातरी भांडणातून आलेला असतो.

तिसरा प्रकार, हंगामी. 'अनअर्थ' हा गुण २००८ साली आला. मेलेला जीव ठरलेली किंमत घेऊन एका पाळीपुरता परत येतो. इतर जीव आल्या पाळीला हल्ला करू शकत नाहीत, त्यांना एक पाळी थांबावे लागते. याला ती सूट आहे, आल्याबरोबर कामाला लागतो. पाळी संपली की स्मशानातही जात नाही, थेट हद्दपार. सणासुदीच्या तेजीत तीन महिन्यांसाठी बोलावलेली माणसे आपण पाहिली आहेत. हा प्रकार त्यांना समजावून सांगावा लागत नाही.

चौथा प्रकार, झीज सोसून येण्याचा. याला 'पर्सिस्ट' म्हणतात, तोही २००८ चाच. 'किचन फिंक्स' हे त्याचे प्रसिद्ध पान. हा जीव आला की मालकाला दोन गुण आयुष्य देतो. मेला तर आपोआप परत येतो, पण अंगावर वजाबाकीचा एक मणी घेऊन. तीन-दोनचा होता तो दोन-एकचा होतो. आणि वजाबाकीचा मणी अंगावर असताना मेला, तर मग येत नाही. एक संधी, तीही थोडी कमी होऊन. ही मर्यादा त्या मण्यावर उभी आहे. पुढे २०११ साली 'मेलिरा' नावाचे एक पान निघाले. तिच्या बाजूच्या जीवांवर वजाबाकीचा मणी ठेवताच येत नाही. झाले! आपल्याच जीवाचा विनामूल्य बळी देऊ देणारे एखादे पान जोडीला घेतले की फिंक्स मरतो, येतो, मरतो, येतो, दर खेपेला दोन गुण, अंत नाही. एक लहानसा मणी काढून घेतला आणि सगळा हिशेब कोसळला.

पाचवा प्रकार २०१७ चा, 'एम्बाम'. प्राचीन मिसरच्या धर्तीवर रचलेल्या संचात तो आला. यात मेलेल्याचे पान हद्दपार होते आणि त्याच्या जागी त्याची एक नक्कल, म्हणजे टोकन, उभी राहते. रूप तेच, ताकद तीच, पण रंग पांढरा आणि किंमत कोरी. अशी नक्कल मेली की ती क्षणभर स्मशानाला शिवते आणि नाहीशी होते. तिला दुसरे परतणे नाही. कायम कामगार म्हणून निघालेला माणूस त्याच यंत्रावर ठेकेदाराच्या हजेरीपटावर परत आला, की त्याला मी आता मनातल्या मनात याच नावाने ओळखतो.

परतण्याची किंमत सैल झाली की काय होते, याचा दाखला या खेळाने २०१९ साली दिला. 'होगाक' नावाचा एक आठ-आठचा राक्षस निघाला. त्याला स्मशानातूनही उतरवता येई, आणि त्याच्यासाठी जमिनीचे बळ खर्चायची परवानगीच नव्हती. किंमत भरायची ती आपल्या उभ्या जीवांना राबवून, आणि स्मशानातली इतर पाने हद्दपार करून. रचणाऱ्यांना ही अट कडक वाटली असेल. पण स्मशान झपाट्याने भरणाऱ्या गड्ड्या खेळाडूंनी बांधल्या, आणि ती अट फुकटात भागू लागली. जून महिन्यात पान बाजारात आले. जुलैत त्याच्या एका साथीदार पानावर बंदी आली, त्याने भागेना. ऑगस्टअखेरीस 'मॉडर्न' नावाच्या स्पर्धाप्रकारात होगाकलाच बंदी घालावी लागली. नियम करणाऱ्याने आपली चूक अडीच महिन्यांत जाहीरपणे दुरुस्त केली, याचे मला कौतुक वाटले. आमच्या क्षेत्रात याला अडीच वर्षेही पुरत नाहीत.

उलट बाजूही आहे. स्मशानावर जगणाऱ्याला रोखणारी पानेही या खेळात पहिल्यापासून आहेत. १९९४ सालचे 'टॉर्मॉड्स क्रिप्ट' समोरच्याचे सारे स्मशान एका फटक्यात हद्दपार करते. २०१२ सालचे 'रेस्ट इन पीस' मांडले की स्मशानच बंद. मरणारा परस्पर हद्दपार होतो. ज्याने सगळी भिस्त परत येण्यावर ठेवली, त्याला यातले एक पान पुरते.

आता हाच प्रश्न दुसऱ्या एका खेळाने कसा सोडवला ते थोडक्यात पाहू. जपानमध्ये 'यू-गी-ओह' नावाचा असाच एक पत्त्यांचा खेळ १९९९ पासून आहे. तिथे 'मॉन्स्टर रीबॉर्न' नावाचे पान कोणाच्याही स्मशानातला राक्षस उठवते. पण काही राक्षस असे आहेत की ते एकदा रीतसर बोलावले गेलेले असतील तरच पुढे स्मशानातून उठवता येतात. आडवाटेने स्मशानात टाकलेला उठत नाही. म्हणजे तिथले स्मशान त्याचा पूर्वीचा प्रवेश लक्षात ठेवते! तेव्हा आठवण ठेवायची की पुसायची, हे निसर्गाने ठरवलेले नाही. नियम लिहिणाऱ्याने ठरवलेले आहे.

याहून महत्त्वाची गोष्ट मला 'मॅजिक'मध्येच सापडली, आणि ती सांगण्यासाठीच मी इतका वेळ घेतला. १९९६ साली त्यात 'फेझिंग' नावाचा गुण आला. ज्या जीवाला हा गुण लागतो तो काही काळ रणभूमीवर नसल्यासारखा धरतात. तो हल्ला करत नाही, त्याच्यावर हल्ला होत नाही, कोणी त्याला हात लावू शकत नाही. मग त्याच्या मालकाची पाळी आली की तो पुन्हा दिसू लागतो. आणि आता ऐका: त्याच्या अंगावरचे मणी तसेच, त्याला जोडलेले मंत्र तसेच, आणि त्याला नव्याने आल्यासारखी एक पाळी थांबावेही लागत नाही. का? कारण नियम म्हणतो, त्याने जागा सोडलीच नव्हती. तो दिसत नव्हता, पण गेला नव्हता.

बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसेल. काल जीव नव्हता, आज आहे. एक स्मशानातून परत आला, दुसरा चालूच राहिला. पहिल्याचे तीन मणी गेले, दुसऱ्याचे राहिले. सगळा फरक एवढ्याच प्रश्नात आहे, मधल्या काळाला तुम्ही मरण म्हणता की नुसती गैरहजेरी म्हणता.

आमच्या संपाचे एक्केचाळीस दिवस ही गैरहजेरी होती. कोणी मेले नव्हते, कोणी नोकरी सोडली नव्हती. कपात झालेल्या कामगाराला पुन्हा भरतीच्या वेळी प्राधान्य द्यावे, असे १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात त्या वेळी होते. पण ते गेलेल्या माणसाच्या परतण्याविषयी होते. आम्ही तर गेलेलोच नव्हतो. आम्हाला एकच वाक्य लिहून घ्यायचे होते: संपकाळाने कोणाच्याही सेवेत खंड पडला असे मानले जाणार नाही. ते वाक्य आम्ही मागितले असते तर कदाचित मिळाले असते, कारण त्या घडीला समोरच्यांनाही कारखाना सुरू करायची घाई होती. आम्ही 'परत घ्या' म्हणून ओरडत होतो. त्यांनी आम्हाला अक्षरशः परत घेतले. स्मशानातून घेतात तसे.

यात समोरच्यांचा लबाडपणा होता हे खरे. पण आज या व्यासपीठावरून मला माझा दोष सांगायचा आहे. राजीनाम्याचा कागद म्हणजे माणसाला आधी स्मशानात टाकणारे पान आहे, हे मी ओळखले नाही. त्यावर माझी साक्षीदाराची सही आहे. न वाचता केलेली नव्हे, वाचून केलेली. शब्द कळले, त्यांचे काम कळले नाही.

कोणी म्हणेल, "मुलांच्या खेळावरून माणसांच्या पोटाचे प्रश्न समजावता, हे बरे नव्हे." मला ती शंका मान्य आहे. खेळात हरलेला मुलगा पाने गोळा करतो, पिसतो आणि नवा डाव मांडतो. त्याचा सर्वच जीव पुन्हा वीस गुणांचा होतो. फिटरला नवा डाव मिळत नाही. आणि खेळात दोघेही खेळाडू एकच नियम वाचतात, स्मशान दोघांसमोर उताणे पडलेले असते. आमच्याकडे एका बाजूच्या हाती पुस्तक असते आणि दुसऱ्या बाजूच्या हाती पेन दिलेले असते. हा फरक मी विसरलेलो नाही. पण ज्या मुलाला बाराव्या वर्षी कळते की "तोच आला" आणि "नवा आला" यांत तीन मण्यांचा फरक आहे, तो मुलगा पंचविसाव्या वर्षी नेमणुकीचा कागद जरा थांबून वाचेल, अशी मला आशा वाटते.

आता संघटनेच्या कचेरीत आम्ही कोणत्याही तडजोडीचा मसुदा हाती आला की तीन प्रश्न विचारतो. माणूस कुठून परत येतो आहे असे हा कागद म्हणतो, बाहेरून की आतूनच? परत येण्याची किंमत काय, आणि ती कोणाच्या खात्यातून जाते? आणि आल्यावर त्याचे कोणते मणी त्याच्या अंगावर राहतात? ही तीन उत्तरे लिहून मिळाल्याखेरीज गुलाल विकत आणायचा नाही, असा आम्ही दंडक केला आहे.

गेल्या दिवाळीत मी त्या फिटरच्या घरी गेलो होतो. आता ते थकले आहेत, दृष्टीही अधू झाली आहे. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे वीस वर्षे येणे होते. मी म्हटले, "दादा, तुम्ही सोळा वर्षांचेच होता. मी सही केली आणि तुम्हाला चार वर्षांचे केले." ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मला ठाऊक होते रे. तुला ठाऊक आहे की नाही, ते ठाऊक नव्हते." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "पोरांना सांगत जा."

म्हणून, मित्रहो, आज सांगितले.